घरचीच कुत्री आणि नवे मांजर

मांजराचे पिल्लू घरी आणले की पहिल्याच संध्याकाळी ते कुत्र्यांपुढे ठेवायचे आणि भोवती उभे राहून मौज पाहायची, ही आपल्याकडील रूढ पद्धत. ती क्रूर आहे असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते ऐकीव माहितीवर बेतलेले नाही. चार वर्षांपूर्वी बिरसा येथील माझ्याच अंगणात, ‘आमची कुत्री घरचीच आहेत, काही करणार नाहीत,’ असे पाहुण्यांना ठासून सांगत मी एक पिल्लू जमिनीवर सोडले. ते घाबरून पळाले. थोरल्या कुत्र्याने मान धरून एकच झटका दिला. माझी वैद्यकीय पदवी त्या क्षणी काही कामाची ठरली नाही. धाकट्या मुलीने कित्येक दिवस त्या कुत्र्याला हात लावला नाही. मला ती काहीच बोलली नाही, आणि तेच अधिक जड गेले.

दोष कुत्र्याचा नव्हता. पळणाऱ्या लहान जीवामागे धावणे हा त्याचा स्वभावच. (जन्मजात वैर असलेल्या जोड्यांसाठी पाणिनीने द्वंद्व समासाचा स्वतंत्र नियम केला आहे. साप-मुंगूस, मांजर-उंदीर ही त्याची रूढ उदाहरणे. कुत्र्या-मांजराची गोष्ट त्या मानाने पुष्कळ आशादायक आहे.)

गेल्या वर्षी दुसरे पिल्लू आणले ते दोन महिने आईजवळ राहिलेले. त्याला मागच्या खोलीत ठेवले. दूध-भात, वाळूची पाटी, सारे तिथेच. त्याच्या अंगाखालचे फडके कुत्र्यांच्या जागी आणि कुत्र्यांचे पिल्लाजवळ, असा वासाचा परिचय आठवडाभर चालला. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण. त्यानंतर जाळीचे दार, कुत्री साखळीत आणि पिल्लाला चढून बसण्यास उंच फळी. भुंकणाऱ्या कुत्र्याची मला फारशी धास्ती वाटली नाही. धास्ती वाटली ती अंग ताठ करून, शेपूट न हलवता टक लावणाऱ्या थोरल्याची. त्याची नजर हाकेसरशी माझ्याकडे वळू लागेपर्यंत साखळी सोडली नाही. यात सव्वा महिना गेला.

या साऱ्याचा आपल्या व्यवसायाशी संबंध काय, असे कोणी विचारील. पिल्लू रुळेपर्यंतच्या दिवसांत ओरखडे आणि चावे सर्वाधिक होतात, तेही बहुधा सोडवायला धावलेल्या मुलांना. रुग्ण म्हणतो, ‘घरचेच मांजर आहे डॉक्टरसाहेब, सुई कशाला?’ मी पाहुण्यांना सांगितले ते याच स्वरात! रेबीज ओळख पाहून येत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि लस सुरू करणे यांत मांजर व कुत्रा असा भेद करण्याचे कारण नाही. रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचाही विचार हवा. पोटातील चौदा सुयांची भीती जुन्या मंडळींच्या मनात अजून आहे. ती लस दोन दशकांपूर्वीच हद्दपार झाली. आज त्वचेमध्ये द्यावयाची लस ०, ३, ७ व २८ या दिवशी देतात, हे आपणच त्यांना सांगावयास हवे. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी मिळते, तेव्हा तोवर घरातील कुत्र्यांचे लसीकरण पुरे असणे अगत्याचे.

कान्हाचे जंगल जवळ असताना ही बाब नुसती घरगुतीही राहत नाही. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत कॅनाइन डिस्टेंपर शिरला होता, आणि गावोगावची लस न टोचलेली कुत्री हा त्या रोगाचा मोठा साठा असतो.

आमचे मांजर आता थोरल्याच्या पाठीला टेकून झोपते. घरी येणारे कौतुक करतात, छायाचित्रे काढतात. मी मात्र दवाखान्यात निघताना जाळीचे दार अजूनही लावून घेतो.