नियम कोडमध्ये गाडू नका

शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जातला जातीचा दाखला आणि घरचे उत्पन्न कोणकोणता कर्मचारी उघडून पाहू शकतो? हा नियम बहुतेक वेळा हजारो ओळींच्या कोडमध्ये विखुरलेला असतो. तो फक्त प्रोग्रामरला कळतो.

उपाय आहे. असे नियम लिहिण्यासाठी बनवलेल्या छोट्या भाषा आहेत. रेगो ही एक. अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली सीडर ही दुसरी. सीडरमध्ये नियम दोनच प्रकारचे: परवानगी आणि मनाई. स्पष्ट परवानगी नसेल तर नकार. दोन्ही लागू झाले तर मनाई वरचढ. नियम कोडपासून वेगळे, एका जागी, वाचता येतील असे.

ही निव्वळ तांत्रिक बाब आहे, हे आम्हाला मान्य नाही. दिसतच नाही त्या नियमाला जाब कसा विचारणार? भाषा आपोआप न्याय देत नाही. अन्यायी नियमही सीडरमध्ये नीटनेटका लिहिता येतो. पण तो वाचता येतो, म्हणून त्याला आव्हान देता येते.

आमची मागणी साधी आहे: जनतेच्या पैशातून बनणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपचे परवानगीचे नियम वेगळे लिहा आणि जाहीर करा. आणि मित्रांनो, ते वाचायला आपणही शिकलेच पाहिजे.