गर्दी कोणाची, गाणे कोणाचे?

प्रतिनिधी

संगीत महोत्सवांचा हंगाम जवळ आला आणि कलावंतांची यादी जाहीर झाली, की श्रोत्यांमध्ये एक वाद हमखास रंगतो. यादीच्या अग्रस्थानी लोकसंगीताच्या वळणाने गाणारा एखादा लोकप्रिय बँड असतो. एक गट म्हणतो, ‘यांच्यामुळेच तर तिकिटे खपतात. हजारो लोक एका सुरात गातात, आणखी काय हवे?’ दुसरा गट नाक मुरडतो, ‘हे कसले लोकसंगीत? हा तर लोकसंगीताचा वेष चढवलेला पॉप!’ पुण्यात २०१० मध्ये ‘एनएच७ वीकेंडर’ सुरू झाला आणि २०२३ च्या जानेवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ अवतरला. त्यामुळे मैदानावर उभे राहून संगीत ऐकणाऱ्या इथल्या तरुण पिढीलाही हा वाद आता परका राहिलेला नाही.

वाद वरवर पाहता अभिरुचीचा आहे. अस्सल काय आणि नक्कल काय, हा त्यातला नेहमीचा मुद्दा. परंतु या वादाचा गेल्या सहा-सात दशकांचा इतिहास पाहिला, तर त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न सुरांपेक्षा हिशेबाचा अधिक आहे, असे दिसते. लोकप्रिय बँडने जमवलेल्या गर्दीतून मूळ गाणे जपणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा तो प्रश्न. त्याचे एक ठोस उत्तर अमेरिकेतील न्यूपोर्टच्या महोत्सवाने १९६३ मध्ये देऊन पाहिले होते. आजच्या वादात मात्र त्याची आठवण क्वचितच निघते.

जाकीट आणि बँजो

अलीकडच्या काळात या वादाचे सर्वांत ठळक लक्ष्य ठरला तो लंडनचा ‘मम्फर्ड अँड सन्स’ हा बँड. २००७ मध्ये स्थापन झालेल्या या बँडचा ‘साय नो मोअर’ हा पहिला अल्बम २००९ मध्ये आला. २०१२ च्या ‘बेबल’ची अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात सुमारे सहा लाखांची विक्री झाली आणि २०१३ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी ३० जूनला इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरी महोत्सवाच्या समारोपाचा मान या बँडला देण्यात आला. शुक्रवारी ‘आर्क्टिक मंकीज’, शनिवारी ‘रोलिंग स्टोन्स’ आणि रविवारी हे, असा तो क्रम होता. बासवादक टेड ड्वेन यांच्या मेंदूतील रक्ताच्या गुठळीवर काही आठवड्यांपूर्वीच शस्त्रक्रिया झाली होती. ते बरे होऊन मंचावर आले, याचेही चाहत्यांना मोठे अप्रूप वाटले.

टीकाकारांचे आक्षेप तेव्हाही ठरलेले होते आणि आजही तेच आहेत. लंडनच्या सुखवस्तू घरांतली, महागड्या खासगी शाळांतली ही मुले. त्यांनी जुन्या वळणाची जाकिटे घालून अमेरिकी डोंगराळ मुलखातल्या शेतमजुरांचा आव का आणावा? हळुवार सुरुवात, मग बँजोचा वेग आणि शेवटी सर्वांनी मिळून ओरडून गाण्याचे ध्रुवपद, हा साचा तरी किती वेळा वापरावा? समर्थकांचे उत्तरही सोपे होते. बँजो हातात घ्यावासा वाटणारी तरुण मुले या गाण्यांनी निर्माण केली आणि अनेकांना मागच्या पिढ्यांच्या लोकगायकांकडे वळवले.

यातील गंमत अशी, की बँजो हे वाद्यच ‘अस्सल’पणाच्या कल्पनेत बसत नाही. आपल्याकडच्या मिरवणुकीतील बेंजोशी त्याचे साम्य नावापुरतेच. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकी माणसांनी ते घडवले, पुढे गोऱ्या वादकांनी उचलले आणि कालांतराने ते डोंगरी मुलखाची खूण बनले. ‘मम्फर्ड’ने २०१५ च्या ‘वाइल्डर माइंड’मध्ये हेच वाद्य बाजूला ठेवून विजेच्या गिटारी हाती घेतल्या. तेव्हा काल बँजोला हसणाऱ्यांपैकीच काहींना तो हवाहवासा वाटू लागला! २०२५ च्या ‘रशमीअर’मध्ये बँड पुन्हा जुन्या वळणाकडे झुकला. थोडक्यात, अस्सलपणाची फूटपट्टी लावणाऱ्यांच्या हातातली पट्टीच बदलत राहते.

न्यूपोर्टची पहिली ठिणगी

न्यूपोर्टचे नाव निघाले, की बहुतेकांना बॉब डिलन आठवतो. २५ जुलै १९६५ रोजी तो तेथे विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतून हुर्यो उडाली. ती नेमकी कशामुळे, यावर आजही मतभेद आहेत. कोणी विजेच्या वाद्यांना दोष देतो, कोणी खराब ध्वनियोजनेला, तर कोणी केवळ तीनच गाण्यांत आटोपलेल्या कार्यक्रमाला. २०२४ च्या ‘अ कंप्लीट अननोन’ या चित्रपटाने हा प्रसंग नव्या पिढीपर्यंत पोचवला. तथापि, लोकप्रिय बँड विरुद्ध लोकसंगीत ही ठिणगी न्यूपोर्टमध्ये त्याआधी सहा वर्षे, म्हणजे १९५९ च्या पहिल्याच महोत्सवात पडली होती.

‘किंग्स्टन ट्रिओ’ हे तेव्हाचे लोकप्रियतेच्या शिखरावरचे त्रिकूट. नीटनेटके पट्टेरी शर्ट, हसरे चेहरे आणि कानाला गोड लागणाऱ्या चाली. त्यांचे ‘टॉम डूली’ १९५८ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले होते. महोत्सवात त्यांच्या आणि बँजोचे थोर वादक अर्ल स्क्रग्ज यांच्या कार्यक्रमांचा क्रम आयत्या वेळी बदलण्यात आला. मुलाबाळांसह आलेल्यांना लवकर घरी जाता यावे, हा त्यामागचा हेतू. त्रिकूटाचे गाणे संपले, पण गर्दी हटेना. स्क्रग्ज यांना मंचावर येणे अवघड झाले आणि अखेर त्रिकूटातील एका गायकालाच पुढे येऊन लोकांना शांत करावे लागले. ज्याच्या वादनातून एक अख्खी शैली उभी राहिली, त्याने ताटकळायचे आणि त्या परंपरेवर गोड मुलामा चढवणाऱ्यांसाठी गर्दीने हट्ट धरायचा! आयोजक जॉर्ज वाइन यांनी पुढे या क्रमबदलाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

पन्नास डॉलरचा प्रयोग

या अनुभवानंतर लोकप्रिय मंडळींना दाराबाहेर ठेवणे हा एक मार्ग होता. न्यूपोर्टने तो स्वीकारला नाही. १९६० नंतर खंडित झालेला महोत्सव १९६३ मध्ये पुन्हा उभा राहिला तो ना-नफा तत्त्वावर. पीट सीगर, जीन रिची, थिओडोर बिकेल अशी कलावंत मंडळीच त्याच्या संचालकांत होती. नियम असा ठरला, की प्रत्येक कलावंताला सारखेच ५० डॉलर आणि येण्याजाण्याचा व राहण्याचा खर्च मिळेल. जोन बाएझ, डिलन, ‘पीटर, पॉल अँड मेरी’ यांनाही तेच आणि मिसिसिपीच्या खेड्यातून आलेल्या वृद्ध गायकालाही तेच. नामवंतांमुळे तिकिटे खपत आणि उरलेला पैसा गावोगावचे संगीत शोधण्यासाठी, ध्वनिमुद्रित करण्यासाठी खर्च होई.

याचे फलित काय, हे पाहायचे तर लुईझियानाचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील केजन समाज मूळचा फ्रेंच भाषक. शाळेत फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे आणि त्यांच्या संगीताकडे शहरी माणसे गावंढळ म्हणून पाहत. न्यूपोर्टच्या वतीने राल्फ रिन्झलर या भागात फिरले आणि १९६४ साठी तीन वादकांना निमंत्रण मिळाले. त्यांत ड्यूई बाल्फा हे ऐन वेळी बदली म्हणून सामील झालेले. आपली ‘अशी’ माणसे देशासमोर जाणार म्हणून स्थानिक वृत्तपत्राने या निमंत्रणाची खिल्ली उडवली. घरगुती नाचाच्या कार्यक्रमात फार तर दोनशे माणसे पाहिलेल्या बाल्फांसमोर न्यूपोर्टमध्ये, त्यांच्याच आठवणीनुसार, सतरा हजारांचा समुदाय होता आणि तो त्यांना मंचावरून उतरू देईना.

त्या टाळ्यांचा प्रतिध्वनी गावात पोचवायचा, या निश्चयाने बाल्फा परतले. १९७४ मध्ये लाफाएतमध्ये केजन संगीताचा मोठा सोहळा झाला आणि त्यातूनच तेथील वार्षिक महोत्सव उभा राहिला. १९८२ मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय वारसा सन्मानाच्या पहिल्याच तुकडीत बाल्फांचा समावेश झाला. न्यूपोर्टला जमलेल्या त्या हजारोंपैकी बहुतेक जण बाएझ आणि डिलनसाठी आले असणार, हे उघड आहे. टीकाकार ज्या गर्दीला हिणवतात, तीच गर्दी एका हेटाळलेल्या समाजाचा कणा ताठ करून गेली.

हा प्रयोग निर्दोष होता, असे मात्र नाही. तारे पन्नास डॉलरवर यायला राजी असेपर्यंतच तो चालणार होता. १९६९ नंतर न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव खंडित झाला आणि १९८५ मध्ये सुरू झाला तो नेहमीच्या व्यावसायिक रीतीने. आजच्या मानधनाच्या आकड्यांत समान मोबदल्याची कल्पना स्वप्नवत वाटेल. पण गर्दीच्या पैशातला ठरावीक वाटा मुळांकडे वळवणे, हे तत्त्व आजही अशक्य कोटीतले नाही.

श्रेयाचा कागद

मोबदल्याइतकाच मोठा प्रश्न श्रेयाचा. ‘टॉम डूली’ हे गाणे त्रिकूटापर्यंत पोचले ते नॉर्थ कॅरोलिनातील फ्रँक प्रॉफिट या तंबाखू पिकवणाऱ्या, बँजो घडवणाऱ्या माणसाकडून, संग्राहकांच्या मार्फत. घरात पिढीजात चालत आलेले गाणे दूरचित्रवाणीवर परक्यांच्या तोंडी ऐकून आपण किती अस्वस्थ झालो, हे त्यांनी पुढे लिहून ठेवले. १९६२ मध्ये तडजोड होऊन त्यांना स्वामित्वधनात वाटा मिळाला, पण तो त्यानंतरच्या विक्रीवर. विक्रीचा खरा बहर तोवर ओसरला होता.

इंग्लंडमध्ये मार्टिन कार्थी यांनी बसवलेली ‘स्कारबरो फेअर’ची मांडणी पॉल सायमन यांनी उचलली आणि १९६६ मध्ये ‘सायमन अँड गारफंकल’च्या नावाने ती जगभर गाजली. कार्थींचे नाव कुठेच नव्हते. हा सल मिटायला सन २००० उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनच्या मंचावर सायमन यांनी कार्थींना बोलावले आणि दोघांनी ते गाणे एकत्र म्हटले.

कायदा याबाबत फारसा उपयोगी पडत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. ज्या गाण्याचा कर्ताच अज्ञात, ते सर्वांचे आणि म्हणून कोणाचेच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला स्वतःच्या ध्वनिमुद्रित सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर स्वामित्वधनाचा हक्क दिला. म्हणजे लोकगायक स्वतः ध्वनिमुद्रणात गायला तर त्याला आधार आहे. बँडने केवळ त्याची चाल ऐकून नव्याने गायली, तर नाही. उलट नवी मांडणी करणाऱ्याला स्वतःचा हक्क सांगता येतो. २०२४ च्या मे महिन्यात जिनिव्हात पारंपरिक ज्ञानाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. मात्र तो जनुकीय संपत्ती आणि तिच्याशी निगडित ज्ञानापुरता आहे. लोकगीते त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

आपल्या अंगणात

भारतीय बँडना हाच निकष लावला तर चित्र संमिश्र, पण निराशाजनक नाही. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’च्या ‘कंदिसा’ (२०००) या अल्बममधील ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचे पारंपरिक गाणे. बँडचे राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात वावरलेले, त्यामुळे गाण्याबरोबर त्या खोऱ्याची व्यथाही शहरी श्रोत्यांपर्यंत आली. रघू दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकातील कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफ यांची पदे गिटारवर बसवली आणि २०११ मध्ये ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात हजेरी लावली. कन्नडचा गंध नसलेला मराठी तरुणही ती पदे गुणगुणतो, तेव्हा कवीचे नाव त्याच्यापर्यंत पोचणे महत्त्वाचे ठरते. ज्या ‘मम्फर्ड’वर एवढी टीका होते, त्या बँडने लॉरा मार्लिंगसह राजस्थानी लोककलावंतांच्या ‘धरोहर प्रोजेक्ट’बरोबर दिल्लीत चार गाणी ध्वनिमुद्रित केली. २०१० मध्ये आलेल्या या ध्वनिमुद्रिकेवर तिन्ही नावे बरोबरीने छापलेली आहेत. टीकाकारांनी या गोष्टीची नोंद घ्यायला हरकत नाही.

महाराष्ट्राला तर हा वाद मुळीच नवा नाही. शाहीर साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’मधून वासुदेव, गोंधळी, कोळी नृत्ये रंगमंचावर आणली. दिव्यांच्या झगमगाटातली ही कला अस्सल कशी, असे तेव्हाही विचारता आले असते. पण शहरात वाढलेल्या कित्येक मराठी मुलांना वासुदेव प्रथम भेटला तो तेथेच. आता प्रश्न पुढचा आहे. महोत्सवाच्या मुख्य मंचावर संबळ घुमतो तेव्हा तो वाजवणारा कोण आहे, त्याचे नाव फलकावर आहे काय आणि त्याला मिळणारे पाकीट किती जाड आहे?

बँडच्या चाली सपक वाटल्या तर तसे म्हणण्याचा हक्क प्रत्येक श्रोत्याला आहे. अभिरुचीची भांडणे व्हायलाच हवीत, त्यांतूनच कान तयार होतात. परंतु हजारो रुपयांचे तिकीट काढणाऱ्या श्रोत्याच्या हाती त्याहून प्रभावी अस्त्र आहे. हे गाणे कोणाकडून घेतले, ते मंचावरून सांगितले का; मूळ परंपरेतला कलावंत कार्यक्रमात आहे का आणि त्याला दुपारच्या रिकाम्या मैदानावर ढकललेले नाही ना; उत्पन्नातले काही त्याच्या गावाकडे जाते का, हे तीन प्रश्न आयोजकांना आणि बँडला जाहीरपणे विचारता येतात. १९५९ च्या रात्री न्यूपोर्टची गर्दी आपल्या लाडक्या त्रिकूटासाठी अडून बसली होती. तशीच गर्दी एखाद्या संबळवादकाच्या नावासाठी अडून बसली, तर आयोजकांना तिचे ऐकावेच लागेल.