पोफळीची किंमत 50 रुपये?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात त्या दुपारी काय झाले ते तिथल्या माणसाला सांगायला नको. घरांचे पत्रे आणि कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले, वाड्यांतले माड आणि पोफळी एकमेकांवर पडल्या. काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. त्यानंतर आकडे आले. रायगडला तातडीचे 100 कोटी, रत्नागिरीला 75 कोटी, सिंधुदुर्गला 25 कोटी. वाचणाऱ्यांना वाटले, म्हणजे नुकसान एवढे असणार आणि ते भरूनही निघणार.

इथेच पहिली फसगत आहे. सरकारने दिलेली रक्कम म्हणजे झालेले नुकसान नव्हे. आपत्तीच्या निधीतून मिळते ती तातडीची मदत असते, भरपाई नसते. हे केंद्र सरकारच्या नियमांतच आहे. तरीही बातमीत, भाषणात आणि चहाच्या टपरीवर आपण सगळे तिला ‘नुकसानभरपाई’ म्हणतो. शब्द चुकला की हिशेब चुकतो, आणि चुकलेला हिशेब नेहमी गरिबाच्याच अंगावर पडतो.

हिशेब करूनच पाहू. मी शिक्षक आहे, गणित फळ्यावर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्या वेळच्या केंद्रीय निकषांत फळबागेला हेक्टरी 18,000 रुपये होते. राज्य सरकारने ते 50,000 केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. वाढ चांगलीच होती, नाकारायचे कारण नाही. पण हेक्टर हे माप कोणाचे? किनाऱ्यावरची वाडी गुंठ्यांत मोजली जाते. एका हेक्टरात जवळजवळ 99 गुंठे बसतात. आमच्या एका चाचींची वाडी पाच गुंठ्यांची आहे. जुन्या दराने त्यांचे होतात 910 रुपये, वाढीव दराने सुमारे 2,530. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली, माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये. नऊ फुटांवर एक धरले तर पाच गुंठ्यांत साधारण 70 पोफळी येतात. सगळ्या पडल्या तरी हातात 3,500 रुपये.

आता दुसरी बाजू. पोफळ लावल्यापासून फळाला यायला पाच ते सात वर्षे लागतात, आणि मग ती कित्येक दशके देत राहते. समजा, एका झाडाची वर्षाची निव्वळ कमाई फक्त 200 रुपये धरली. 70 झाडांचे वर्षाला 14,000 झाले, सहा वर्षांचे 84,000. यात पडलेली खोडे कापून हलवण्याची मजुरी नाही, नवी रोपे नाहीत, पोफळींवर चढवलेली मिरी नाही, सावली गेल्यामुळे करपलेली जायफळे नाहीत. तरी 24 रुपये गेले तिथे 1 रुपया मिळाला.

होडीचेही तेच. पूर्ण मोडलेल्या होडीला त्या निकषांत 9,600 रुपये होते आणि पूर्ण गेलेल्या जाळ्याला 2,600. एवढ्यात होडी कुठे मिळते ते निकष ठरवणाऱ्यांनी एकदा बंदरावर येऊन विचारावे.

उर्दू शिकवताना मी मुलांना सांगतो की ‘नुकसान’ हा शब्द अरबीतून आला, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे उणीव, कमी. जे पडले ते नव्हे, जे उणे झाले ते. पंचनामा मात्र पडलेले मोजतो. भिंत किती पडली, पत्रे किती गेले, झाडे किती आडवी झाली. पुढची सहा वर्षे जी सुपारी बाजारात जाणार नाही तिला निकषांत दर नाही. ती सोलण्याची जी मजुरी गावातल्या बायकांना मिळणार नाही तिलाही नाही.

आणि हे मोजता येत नाही असे कोणी सांगू नये. ओडिशात मे 2019 मध्ये फनी वादळ आले. तिथे राज्य सरकारने जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांबरोबर बसून दोन वेगळे हिशेब केले. मोडले ते सुमारे 16,500 कोटींचे, आणि बुडालेले उत्पन्न व वाढलेला खर्च सुमारे 7,700 कोटींचा. म्हणजे एकूण आकड्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हा डोळ्यांना न दिसणारा तोटा होता. तो मोजला म्हणून दिसला.

जगभर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर चालते. महागड्या वादळांच्या यादीत अमेरिकेची कतरिना (2005) आणि हार्वी (2017) सर्वांत वर आहेत, प्रत्येकी सुमारे 125 अब्ज डॉलर. 1970 साली भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख माणसे नेली. त्या यादीत ते वर कुठेही सापडत नाही. कारण आकडा मालमत्तेच्या किमतीचा असतो. ज्याच्याकडे झोपडी होती त्याचे सर्वस्व गेले तरी रकाना लहानच राहतो. वादळाचा खर्च म्हणून आपल्याला जे सांगितले जाते ते बरेचदा श्रीमंतीचे मोजमाप असते, दुःखाचे नव्हे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. तिजोरी मर्यादित आहे, सगळे नुकसान कोणतेच सरकार भरून देऊ शकत नाही, आणि झाडन् झाड मोजत बसलो तर मदत पोहोचायला वर्ष लागेल. मान्य आहे. पण मी पूर्ण पैसे मागत नाही, मी पूर्ण नोंद मागतो. किराणा दुकानदार आज वसूल होणार नाही म्हणून उधारीची वही खोटी लिहीत नाही. देता येईल तेवढे द्या, पण गेले किती ते खरे लिहा. भूमिगत वीजवाहिन्या घालायच्या की नाही, निवारा केंद्र कुठे बांधायचे, कर्जाला मुदत किती द्यायची, हे सगळे त्या आकड्यावर ठरते. कागदावर नुकसान छोटे, तर पुढच्या वादळाची तयारीही छोटी.

आता थोडे आपल्या घरात पाहू, कारण फक्त सरकारला बोलणे सोपे आहे. आपल्या वाड्यांचे सातबारे उघडा. आजोबांचे नाव अजून तसेच आहे, किंवा वीस वारसांची नावे आहेत, त्यातले सात मुंबईला, चार आखातात. बहिणींचा हिस्सा शरीअतने दिला, आपण कागदावर चढवला नाही. मदतीची वेळ आली की संमतीपत्रांसाठी फोनाफोनी सुरू होते आणि वाडी सांभाळणारी बाई तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बसून राहते. झाडांची नोंद आपण करत नाही. वादळ गेले की ‘अल्लाहची मर्जी’ म्हणतो. मर्जी त्याचीच, पण वही लिहायला त्याने मनाई केलेली नाही. काही जण तर दोन पत्र्यांचे वीस सांगतात आणि खऱ्या गरजूचा विश्वास घालवतात.

कुरआनातल्या 83 व्या सूरहचे नावच अल्-मुतफ्फिफीन आहे, मापात कमी देणारे. तराजू फक्त दुकानात नसतो. पंचनाम्याचा कागद हाही तराजूच आहे. त्याच्या एका बाजूला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक उभे आहेत, दुसऱ्या बाजूला आपण.

म्हणून या पावसाळ्याआधी एवढे करा. सातबारा दुरुस्तीला अर्ज द्या. ई-पीक पाहणीत माड आणि पोफळी संख्येसह नोंदवा. वाडीचे, घराचे, होडीचे फोटो तारखेसह ठेवा. सुपारी विकल्याच्या पावत्या फेकू नका. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलांनी हे शेजारच्या बायकांना करून द्यावे, मग ते घर कोणत्याही जातीधर्माचे असो. वादळाने दार ठोठावताना नाव विचारले नव्हते.

चाचींनी त्या पावसाळ्यात लावलेली रोपे आता कुठे फळाला येऊ लागली आहेत. मधली वर्षे त्यांनी कशी काढली याची नोंद कोणत्याही सरकारी कागदावर नाही. निदान पुढच्या वेळी ती असावी.