किल्ली कोणाकडे?



परवा आमच्या सल्ला केंद्रात एक मैत्रीण आली. नवरा परगावी नोकरीला, ही मुलाला घेऊन इथे. मागे सुट्टीत आला असताना त्याने तिच्या लॅपटॉपवर एनीडेस्क बसवून दिलं. काही अडलं तर तिथूनच दुरुस्त करून देईन, म्हणाला. एकदोनदा दिलंही. मग एके रात्री फोनवर त्याने तिला तिच्याच अर्जातलं एक वाक्य ऐकवलं. तो अर्ज तिने आमच्यासाठी लिहायला घेतला होता. अजून कुणालाच पाठवला नव्हता.

यात जादू काही नाही. दोन्हीकडे तोच प्रोग्राम, इकडच्या यंत्राचा एक क्रमांक आणि एक पासवर्ड. तो कायमचा लावून ठेवला की इकडच्या बाईने ‘हो’ म्हणण्याचीही गरज उरत नाही. संगणक सुरू असला, इंटरनेट असलं, की दूरचा माणूस पडदा पाहतो, फायली उघडतो. २०२० च्या टाळेबंदीत अशाच सोयीवर कितीतरी जणींच्या नोकऱ्या टिकल्या, हेही खरं.

‘लॅपटॉप माझ्या पैशाचा,’ असं नवरा म्हणतो. घराबद्दल आपण हेच ऐकत आलो. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाची ‘किंवा’ संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी, असे शब्द आहेत. अप्रामाणिक हेतूने असा शिरकाव केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या ‘किंवा’वर आपल्या वकील मैत्रिणींनी भांडायला हवं. दुरुस्तीसाठी दिलेली परवानगी अर्ज वाचण्यासाठी नव्हती.

आमची एक कार्यकर्ती म्हणाली, आत्ताच काढून टाकू. मी थांबवलं. काढलं की त्याला कळणार, आणि पुढच्याच आठवड्यात तो घरी येणार होता. आधी तिच्या राहण्याची सोय, मग यंत्र. प्रोग्रामच्या नोंदींत बाहेरून आलेल्या जोडण्यांच्या तारखा-वेळा मिळतात. इंटरनेट बंद करून त्यांचे फोटो दुसऱ्या कुणाच्या फोनवर घ्यावेत. आणि नवे पासवर्ड त्या लॅपटॉपवर टाइप करायचेच नाहीत.

हे तिला समजावताना माझ्याच पोटात गोळा आला. केंद्राच्या संगणकावरही दुरुस्तीवाल्या मुलासाठी हाच प्रोग्राम होता, पासवर्ड तीन वर्षांपूर्वीचा, आणि त्याच संगणकात साऱ्या केसेसच्या फायली. मुलगा भला आहे. पण बायकांनी विश्वासाने आम्हाला सांगितलेलं आम्ही त्याच्या भलेपणावर सोडून दिलं होतं! त्याच दिवशी तो पासवर्ड काढला. आता त्याने जोडणी मागितली की कुणीतरी समोर बसून ‘हो’ दाबतं, काम संपेपर्यंत उठत नाही. त्याला जरा लागलं. ‘ताई, माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणाला.

तिने अर्ज केंद्रात बसून कागदावर हाताने लिहिला. लॅपटॉप अजून तसाच आहे. त्यावर ती पाककृती बघते.