'पुट डाऊन'चे अर्थ किती?

हिंगोलीच्या एका अभ्यासिकेत परवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या मुलामुलींशी बोलणे झाले. गणित येते, सामान्यज्ञान तोंडपाठ आहे. अडते ते इंग्रजीवर. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'डाऊन' म्हणजे खाली, एवढे गाईडातून पाठ. उताऱ्यात 'पुट डाऊन द रिव्होल्ट' आले, तेव्हा एकाने 'बंड खाली ठेवले' असा अर्थ लावला. बाकीचे हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही.

कारण हे दोन शब्द फार लबाड आहेत. पिशवी 'पुट डाऊन' केली म्हणजे खाली ठेवली. नाव 'पुट डाऊन' केले म्हणजे लिहिले. घरासाठी पैसे 'पुट डाऊन' केले म्हणजे विसार दिला. बंड 'पुट डाऊन' केले म्हणजे चिरडले. आजारी जनावर 'पुट डाऊन' केले म्हणजे त्याला कायमचे झोपवले. आणि माणसाला चारचौघांत 'पुट डाऊन' केले म्हणजे त्याचा पाणउतारा केला. हा शेवटचा अर्थ आमच्या समाजाला कोणत्या शब्दकोशाने शिकवावा?

मग आमची मुले मंद आहेत काय? मुळीच नाही! मराठीतला 'लागणे' पाहा. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो. याची यादी कुणी पाठ केली होती? आईच्या तोंडून ऐकले आणि आले. इंग्रजी मात्र आमच्या वस्तीत कानावर पडत नाही. ज्यांच्या घरात ती तीन पिढ्यांपासून बोलली जाते, त्यांच्या मुलांना 'हुशार' म्हणतात. हा बुद्धीचा नव्हे, संधीचा फरक आहे.

हिंगोलीला इंग्रजी नवी नाही. निजामाच्या काळात येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, इंग्रज अधिकारी होते. पण ती भाषा छावणीतच राहिली, गावकुसाबाहेर आली नाही. सावित्रीमाईंनी 1854 च्या 'काव्यफुले'तच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' हे 1936 चे भाषण इंग्रजीत लिहून जगापुढे ठेवले. राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आली. पाव शतक उलटले, तरी आमचा पदवीधर दोन शब्दांवर अडतो. दोष केवळ त्याच्यावर टाकून कसे चालेल?

इंग्रजीत 'पुट डाऊन'ला पुढे 'टू' जोडले की आणखी एक अर्थ निघतो : एखाद्या गोष्टीचे कारण अमुक आहे असे ठरवणे. आमच्या मुलांच्या अपयशाचे कारण आळस आहे, असे ठरवणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर कृतीने दिले पाहिजे.

आमचे म्हणणे एवढेच, की गाईडातील याद्या घोकणे थांबवा. प्रत्येक विहारात संध्याकाळी अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड राज्य शासनाने 1979 पासून काढले आहेत. ते कपाटात पूजेला ठेवू नका, एकेक पान वाचा. शब्द सुटा शिकू नका, वाक्यासह शिका. नोकरीत असलेल्या बांधवांनी आठवड्याला एक तास द्यावा. कोण देणार? नाव 'पुट डाऊन' करा, म्हणजे वहीत लिहा. आणि चुकणाऱ्याला हसून 'पुट डाऊन' करू नका. ते काम करायला दुसरे बसलेलेच आहेत.