सौरपंप मोजता, मग चुलीही मोजा

मुळशी धरणाच्या पाण्यावर कोकणात भिरा येथे १९२७ पासून वीज तयार होते आणि मुंबईला जाते. या विजेला धूर नाही. पण ज्या तालुक्याचे हे पाणी, तिथल्या रिहे खोऱ्यासारख्या डोंगराळ भागांत चूल अजून पुरती विझलेली नाही. गॅस असला तरी भाकरी आणि आंघोळीचे पाणी लाकडावरच, ही ग्रामीण महाराष्ट्राची ओळखीची रीत आहे.

स्वच्छ ऊर्जेच्या बाबतीत राज्य सरकार मागे नाही. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या केवळ दहा टक्के रक्कम भरावी लागते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, हे चांगलेच आहे. मात्र आरोग्याचा हिशेब मांडला, तर सर्वात घातक धूर शेतात नव्हे, स्वयंपाकघरात आहे.

साध्या चुलीत लाकडाची जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला मिळते. बाकीची वाया जाते आणि अर्धवट जळालेल्या लाकडाचे सूक्ष्म कण फुप्फुसात उतरतात. मुळशीच्या पावसाळ्यात सरपण ओले होते, दारे-खिडक्या बंद राहतात आणि धूर घरातच कोंडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे २०२० मध्ये जगभरात ३२ लाख मृत्यू झाले. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या बायकांनाही सीओपीडी हा श्वसनविकार का होतो, याकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मधील लेखातून लक्ष वेधले होते.

यावर राज्याचे उत्तर म्हणजे २०२४ ची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना. पात्र कुटुंबाला वर्षाला तीन सिलिंडर मोफत. पण पाच माणसांच्या घरात एक सिलिंडर महिना-दीड महिना पुरतो. म्हणजे तिन्ही मिळून फार तर साडेचार महिने. शिवाय सिलिंडर घेताना पैसे आधी मोजावे लागतात, ते खात्यात नंतर जमा होतात. रोजंदारीवरच्या घराला ही आधीची रक्कमच जड जाते. आणि धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मा होत नाही. चुलीजवळचे प्रदूषण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पट असते. ते निम्म्यावर आले तरी मर्यादेबाहेरच राहते. चूल जवळजवळ बंद झाली, तरच फुप्फुसाला खरा दिलासा मिळतो.

सगळे फुकट देणे तिजोरीला परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण पहिली गरज जास्त पैशांची नाही, मोजण्याची पद्धत बदलण्याची आहे. गेल्या शतकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला गेला. किती चुली बसवल्या, हे मोजले. किती वापरात राहिल्या, याकडे दुर्लक्ष झाले. २००२ मध्ये केंद्राने तो गुंडाळला. गॅसजोडण्यांच्या आकड्यांवर समाधान मानणे, ही त्याच चुकीची पुनरावृत्ती आहे.

अन्नपूर्णा योजना अन्न व नागरी पुरवठा विभागाकडे, तर सौरपंप ऊर्जा विभागाकडे. त्यामुळे स्वयंपाकाचे इंधन ऊर्जाधोरणाच्या हिशेबातच येत नाही. ते तिथे आणावे. मेगावॉटबरोबरच पात्र कुटुंबांनी वर्षात किती सिलिंडर भरून घेतले, हा आकडा तालुकावार जाहीर करावा. तो गॅस कंपन्यांकडे असतोच. अनुदान सिलिंडर घेतानाच वजा करावे. गरोदर बाई, तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असलेल्या घरांना आधी जादा सिलिंडर द्यावेत. गुरे असतील तिथे गोबरगॅस आणि त्याच्या दुरुस्तीची सोय, तर पाणी तापवायला सौरबंब, असे पर्याय उभे करावेत.

स्वयंपाकघरातला धूर हटेपर्यंत राज्याची ऊर्जा स्वच्छ झाली, असे म्हणता येणार नाही.