हललेला फोटो

रोलच्या कॅमेऱ्यात ३६ फोटो निघत. तेवढ्यात लग्न उरकायचे. आता साध्या बारशाचे चारशे! घरात कॉलेजला जाणारी मी एकटी, म्हणून ते लॅपटॉपवर उतरवून निवडण्याचे काम माझ्याकडे.

जो तो सांगतो, हललेले फोटो आधी पुसून टाक. मला हे मुळीच मान्य नाही. नवरानवरीचे स्वच्छ फोटो पन्नास असतात. चुलीपाशी वाकलेली आत्या एकाच फोटोत सापडते, तीही हललेली. पन्नासांतले पंचेचाळीस खुशाल पुसा, आत्या ठेवा.

मांडणीचे म्हणाल, तर फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. क्रम आपोआप लागतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून मात्र तो काढल्याची तारीख गळून जाते. नावात उरते ती हाती आल्याची. त्यामुळे आजोबांचा १९८५ चा फोटो २०२४ मध्ये जाऊन बसतो! असे फोटो आजीपुढे धरून वर्ष, नावे विचारावीत आणि तिथल्या तिथे टाइप करावीत. लॅपटॉप सारखे चेहरे एकत्र लावतो खरा, पण कोण कोणाची नणंद हे त्याला काय ठाऊक? ते आजीला ठाऊक आहे, आणि तिला आता पडद्यावरचे नीट दिसेनासे झाले आहे.